सालीखालची वाट

सुट्टीला आलेल्या सुनेने पकडीचं तोंड तारेवर ठेवलं, तोच सासऱ्यांनी तिचं मनगट धरलं.

“हात लावायचा नाही. ही तार तिने बांधलीय.”

ती म्हणजे सासूबाई. कपडे वाळत घालायला त्यांनी अंगणातल्या संत्र्याच्या खोडाला तार गुंडाळली होती. त्या गेल्या, वाळत घालायचे कपडे कमी झाले, पण खोड जाड होत गेलं आणि तार सालीत पार रुतून बसली. सून रोपवाटिकेत काम करणारी. ते पाहूनच तिने पकड शोधून आणली होती.

“बाबा, झाड मरेल.”

“काहीतरीच बोलतेस! यंदाइतकी गोड संत्री कधी लागली होती का? ती गेल्यापासून झाडाला नुसती माया फुटलीय.”

माया! गप्पच बसावं, असं सुनेला वाटून गेलं. बिचाऱ्यांना तेवढाच आधार. पिशव्या भरभरून संत्री ते मुलाला, नातीला, शेजाऱ्यांना देत. स्वतः मात्र चहात बिस्किटं बुडवून दिवस काढत. सकाळी तिने पाहिलं, तर शेगडीवर धूळ होती. विचारलं की, “मला काय धाड भरलीय?” हे ठरलेलं उत्तर.

तिने पकड खाली ठेवली.

“पाणी वर चढतं ते आतल्या लाकडातून. तिथे तारेची आडकाठी नाही, म्हणून पानं हिरवीगार दिसतात. पण पानांनी केलेली साखर खाली उतरते ती सालीतून, आणि ती वाट बंद झालीय. साखर वरच अडकते, म्हणून फळं गोड. खाली मुळं उपाशी आहेत, बाबा. मुळं गेली की वर पाणी कोण पाठवणार?”

सासरे खोड चाचपत राहिले. तारेच्या वर साल सुजल्यासारखी फुगली होती. खाली खोड बारीकच होतं.

“तिला कळलं असतं तर तिने बांधलीच नसती,” ते हळूच म्हणाले. “काप.”

तार निघाली. तिच्याखाली साल उरलीच नव्हती. सुनेने त्याच झाडाच्या पेन्सिलीएवढ्या डहाळ्या तासल्या आणि एकेक टोक जखमेच्या वर, एकेक खाली, सालीच्या आत खोचलं. साखरेला उतरायला पूल झाला.

“बांधायला काहीतरी मऊ हवं.”

सासरे आत गेले ते सासूबाईंची ओढणी घेऊनच आले. त्यांनीच ती टर्रकन फाडली आणि पट्ट्या तिच्या हातात दिल्या.

“पुढच्या वर्षी गोडी कमी होईल?”

“होईल थोडी.”

“होऊ दे.”

हात धुऊन ती बाहेर आली, तेव्हा मुलाकडे न्यायची पिशवी पायरीवर तयार होती. शेजारी बसून सासरे एक संत्रं सोलत होते. तिने सवयीने हात पुढे केला.

“हे माझं आहे,” ते म्हणाले. “तू दुसरं घे.”