जाम नदीतली डोलकाठी

भूपेंद्र पांढुर्ण्यात अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवतो. नागपूरच्या एका साहेबांना तलावात शिडाची होडी फिरवायचा नाद. त्यांची लाकडी डोलकाठी मोडली, तेव्हा त्यांनी भूपेंद्रला अ‍ॅल्युमिनियमची बनवायला सांगितली. उद्या ते न्यायला येणार होते आणि भूपेंद्रचं बूड कुठं टेकत नव्हतं. होडी त्यानं चित्रातच पाहिलेली.

"वाऱ्यानं वाकली तं?" हे त्यानं बायकोला, सुचिताला, इतक्यांदा विचारलं की तिनं आपली जुनी साडी त्याच्या अंगावर फेकली. "घ्या शीड. नदीवर जा अन् पाहून या एकदाचं!"

भूपेंद्र सासऱ्यांना, रामाजींना, घेऊन जाम नदीवर गेला. डोलकाठीच्या शेंड्याला साडी बांधली, मग ती मधोमध दगडांच्या बेचक्यात रोवली. साडी फुगली. काठी जराशी लवली, पुन्हा सरळ झाली. भूपेंद्र हसला. त्या दिवसातलं ते पहिलं हसू.

दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गोटमारीला, ह्याच पाण्यात पळसाचं झाड रोवून त्याला झेंडा बांधतात. अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव, मधून दगडांचा मारा. झेंडा काढून झाड तोडलं की पांढुर्णा जिंकलं. पोळा होऊन महिना लोटला होता, पण सवय पंचांग पाहत नाही. दोन्ही काठ भरले. एकजण अर्ध्या दाढीनिशी आला.

"आज कायची गोटमार बे?"

"मले काय माहीत! पण सावरगाववाले येऊन राहिले ना!"

भूपेंद्र ओरडला, "दगड नका मारू जी! पोचा पडला की पाइप तिथूनच मोडते!"

तेवढ्यात अलीकडून एकजण कुऱ्हाड घेऊन पाण्यात उतरला.

"साडी काढा जावईबुवा!" रामाजी कळवळले. "झेंडाच नसला तं झाड कोण तोडते?"

खालून ओढून गाठ सुटेना. भूपेंद्र काठीवर चढला. काठी धनुष्यासारखी वाकली. साडी हाती येताच काठी त्याला पाण्यात टाकून सरळ झाली.

"झेंडा आपला!" पांढुर्णेकर गरजले. कुऱ्हाड परत गेली, पण जिंकलेलं झाड देवीकडे न्यायचं असतं. त्यांनी डोलकाठी खांद्यावर घेतली. भूपेंद्र मागून ओल्या कपड्यांनी, साडीसकट.

सकाळी साहेबांना डोलकाठी देवळात दिसली, गुलालानं माखलेली, बुडाशी नारळ.

"मजबूत आहे ना?"

"मी सोता चढून पाहिलं जी."

"मग द्या."

"देवीले वाहिलेलं वापस भेटत नाही," पुजारी म्हणाले.

साहेबांनी काठीवरून हात फिरवला. पोचा एकही नव्हता. तिथंच त्यांनी दुसरी सांगितली. मागून सावरगावचा एकजण म्हणाला, "आता तपासाल तं आमच्या काठावरून."

भूपेंद्र घरी आला, उंबऱ्यातच थबकला.

"सुचिता, ते दुसरी वाकली तं?"

सुचितानं साड्यांच्या कपाटाला कुलूप लावलं.