सोळा भाग आणि सव्वा मूठ

आमच्या घरात कानबाईच्या रोटांचा गहू मोजण्याचा मान भागाबाईंकडून अनुसयाबाईंकडे आला आणि अनुसयाबाईंकडून वत्सलेकडे. भागाबाई माझ्या आजेसासूबाई, अनुसयाबाई माझ्या सासूबाई, आणि वत्सला मी. चौथी पाळी माझी थोरली सून वैशाली हिची. या आषाढात मी तिला तसे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "स्वातीला द्या, आत्याबाई." कारण सांगितले नाही. स्वाती माझी धाकटी सून. ती हजीऱ्याला राहते आणि सणापुरती येते. थोरली असताना धाकटीला मान गेला, तर भाऊबंद काय म्हणतील, हे वैशालीला कळत नव्हते असे नाही.

कानबाई म्हणजे आम्हां खानदेशी लोकांची श्रावणातली देवी. सुरतेत येऊन पन्नास वर्षे झाली, तरी नागपंचमीनंतरच्या रविवारी ती आमच्याकडे बसतेच. आदल्या दिवशी घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात टाकायचा. त्याच पिठाचे रोट. ते घरच्यांनीच खायचे. परक्याला घासही द्यायचा नाही. ज्याच्या नावाची मूठ पडली, तो घरचा. हा मान मी एकोणपन्नास वर्षे सांभाळला. गेल्या फाल्गुनात न्हाणीघराच्या पायरीवर माझे उजवे मनगट मोडले. हाड जुळले, पण मूठ काही वळेना.

त्या मोडलेल्या मनगटामुळेच मी परदेशी मालिका पाहू लागले.

प्लास्टर होते तोवर दुपार सरत नसे. वैशालीची मुलगी, माझी नात धनश्री हिने माझ्यापुढे तिचा टीव्ही लावून दिला. आमच्या हिंदी मालिका मी पूर्वीच सोडल्या होत्या. एकीचा हात सुटून ताट पडते, तर ते पडायलाच आठवडा लागतो, आणि पडल्यावर सगळ्यांची तोंडे तीनतीनदा दाखवतात. शिवाय त्यांना शेवट नसतो. ज्या गोष्टीला शेवट नाही, तिच्यात कोणालाही न्याय मिळत नाही.

कोरियातल्या मालिकांचा पहिला गुण हाच, की त्या सोळा भागांत संपतात. आरंभीच सांगतात आणि शब्द पाळतात. दुसरा गुण असा, की त्यांतली माणसे काम करताना दिसतात. कोणी मासळी कापतो, कोणी दुकानाचे शटर उघडतो. आणि बोलायचे झाले की आधी जेवतात. त्यांचे दोषही मी तितकेच स्पष्ट सांगते. दोघांची लहानपणी भेट झालेली असायचीच. अपघातात एकाची स्मृती जायचीच. बाराव्या भागात, काही कारण नसताना, दोघांना दूर करायचेच. आणि पुरुष बाईचे मनगट धरून तिला ओढत नेतो, याला तिथे प्रेम म्हणतात. माझे मनगट दुखत होते, म्हणून ते मला अधिकच खटकले असेल.

चिनी मालिका चाळीस भागांच्या. राजवाडे सुंदर, कारस्थाने त्याहून सुंदर, पण विसाव्या भागानंतर लेखकाला झोप येते. कापडाच्या बाबतीत मात्र मला कोणी फसवू शकत नाही. कतारगामच्या एका कारखान्यात मी अठ्ठावीस वर्षे कापडाचे ताके उजेडाला धरून तपासले आहेत. हजार वर्षांपूर्वीच्या राणीच्या अंगावर आमच्या पलसाण्याच्या गिरण्यांतले पॉलिस्टर होते. पाकिस्तानी मालिकांची भाषा ऐकत राहावी अशी, परंतु थप्पड मारणाऱ्याला शेवटी क्षमा करतात. तुर्की मालिकेतला भाग दोन तासांचा. त्यातला एक तास ती दोघे एकमेकांकडे पाहत असतात.

हिंदीत दिलेले आवाज मला चालत नाहीत. कोरियातली म्हातारी दिल्लीतल्या भाजीवालीसारखी का बोलावी? म्हणून मूळ आवाज ठेवायचा आणि खाली येणाऱ्या हिंदी ओळी वैशालीने मराठीत सांगायच्या, असे ठरले. दुपारी दोनपर्यंत ती साड्यांचे धागे कापून गठ्ठा बांधते, हात धुते आणि माझ्या खुर्चीच्या डाव्या बाजूला बसते. राजा, चोर, नायिका, सासू, सगळे मी तिच्याच आवाजात ऐकले. ती वाचते सावकाश, आपल्या मनाचे काही घालत नाही.

भाग संपला की धनश्री माझे मत फोनवर ध्वनिमुद्रित करते आणि आमच्या महिला मंडळाच्या गटावर पाठवते.

"आजी, रेकॉर्डिंग चालू छे. बोल. पण टूंकमां हं, गेल्या वेळी अकरा मिनिटं झाली होती."

"ज्यांना वेळ नाही त्यांनी ऐकू नये."

"उषाकाकू तर पोळ्या लाटताना ऐकतात."

शेजारच्या उषाबाई दारातूनच ओरडल्या, "व माय, ऐकस म्हणजे! त्या दिवशी तुनी आजीनं त्या राजाला असा झोडपला, मनी पोळी करपी गई!"

अशा रीतीने पावसाळा लागला आणि आम्ही ती रांजणवाल्यांची मालिका सुरू केली. कोरियातल्या एका खेड्यात एक जुने घराणे सोयाबीन आंबवून त्याचा रस विकते. अंगणात शंभर रांजण. त्या घरात पितरांसाठी वर्षातून एकदा ताट मांडतात. थोरली सून दुसऱ्या प्रांतातली, मुलाने आपल्या मनाने केलेली. पहिल्याच वर्षी ती पितरांपुढे वाटी ठेवायला गेली, तेव्हा सासूने तिच्या हातातली वाटी काढून घेतली. काढून घेतली, एवढेच. ना आरडाओरडा, ना थप्पड. त्यानंतर ती सून दहा वर्षे ते सगळे जेवण रांधते आणि ताट मांडायच्या वेळी अंगणात रांजणांपाशी जाऊन उभी राहते. चौदाव्या भागात धाकटा दीर तिला विचारतो, वहिनी, तुम्ही कधी काही बोलला कशा नाहीत? पडद्यावर ती रांजणाचे झाकण पुसत राहिली. खाली ओळ आली नाही.

"काय म्हणाली?" मी विचारले.

"काही नाही म्हणाली," वैशाली म्हणाली.

त्या दिवशी मी धनश्रीला मत सांगितले ते असे: मालिका उत्तम विणलेली आहे, रांजणांची चित्रे सुरेख, सासूचे काम करणारी बाई तर पहिल्या प्रतीची. परंतु थोरल्या सुनेच्या पात्रात मोठा दोष आहे. एका वाटीवरून माणूस दहा वर्षे गप्प राहत नाही. एक तर बोलून मोकळा होतो किंवा विसरून जातो. लेखकाला तिच्याकडून काय बोलवावे हे सुचले नाही, म्हणून त्याने तिला मुकी केली.

धनश्री फोन घेऊन गेली. वैशालीने रिमोट जागेवर ठेवला.

"आत्याबाई, तो दोष नाही."

तिने माझ्या मताला विरोध केला, असे यापूर्वी घडले नव्हते.

"कसा नाही? दहा वर्षे? एका वाटीसाठी?"

"तेवीस वर्षंही राहतो माणूस," ती म्हणाली आणि गच्चीवरचे कपडे काढायला गेली.

मी हिशेब करीत बसले नाही. करायची गरज नव्हती. दोन हजार एक सालच्या वैशाखात माझ्या थोरल्या मुलाने, दीपकने, हिला आपल्या मनाने लग्न करून आणले. हिचे वडील परभणीकडचे, दीपक कामाला होता त्याच कारखान्यात माग चालवीत. आमची माणसे नव्हेत, आमची रीत नव्हे. त्या श्रावणात भाऊबंदांच्या बारा बायका ओसरीवर बसल्या होत्या. मी नावे घेत गहू टाकीत होते. वैशाली न्हाऊन, नवे लुगडे नेसून पाटावर बसली होती. दीपकच्या नावाची मूठ टाकून मी सूप उचलले. कोणीतरी विचारले, आणि हिची? मी म्हणाले, "रोट घरच्यांचे असतात." ती उठली, आत गेली आणि गंगाफळाची भाजी चिरू लागली.

त्यानंतर प्रत्येक कानबाईला पुरण तिचे, भाजी तिची, सजावट तिची. रोट वाढायच्या वेळी ती चुलीपाशी असे. धनश्री झाली, तिच्या नावाची मूठ मी टाकली. स्वाती आली, ती आमच्यातलीच, तिचीही टाकली. तीन-चार वर्षांनी वैशालीने मागितली असती, तर मी दिलीही असती. तिने मागितली नाही, आणि न मागता देण्याची मला सवय नव्हती. ती विसरली, अशी मी आपली समजूत करून घेतली. उजेडाला धरून ताके तपासण्यात माझी हयात गेली, आणि घरातल्या ताक्यातली तुटलेली तार मला दिसली नाही, असे मी म्हणणार नाही. दिसली होती. मी तो ताका घडी घालून ठेवून दिला होता.

आता आषाढातल्या त्या नकाराचा अर्थही कळला. जिच्या नावाची मूठ नाही, तिने इतरांच्या मुठी कशा मोजाव्यात?

दुसऱ्या दिवशी पंधरावा भाग. वैशाली नेहमीसारखी येऊन बसली. काल काही झालेच नाही असा आवाज. मालिकेतली सासू आजारी पडते. दवाखान्यात, नाकात नळ्या असताना, सुनेचा हात धरून रडत माफी मागते. सोळाव्या भागात ती मेलेली असते, आणि सून पितरांच्या ताटात तिच्यासाठी वाटी ठेवते. सोळाव्या भागाच्या दिवशी उषाबाई मुद्दाम शेवट पाहायला आल्या होत्या. त्यांनी पदराने डोळे पुसले.

"कसा गोड शेवट शे, वत्सलाबाई!"

"शेवट कच्चा आहे," मी म्हणाले.

"कसाले व? सासूनं माफी मांगी ना!"

"नाकात नळ्या घातल्यावर मागितली. ती माफी आजाराने मागितली, तिने नव्हे. आणि वाटी कोणी ठेवली? पुन्हा सुनेनेच. सासूने धडधाकट असताना, चारचौघांत, ज्या जागी काढून घेतली त्या जागी ती परत द्यायला हवी होती. लेखक घाबरला."

वैशाली टीव्ही बंद करीत होती. तिने मागे वळून पाहिले नाही.

संध्याकाळी मी धनश्रीला बोलावले. "चालू कर. चौदाव्या भागाविषयी मी जो दोष सांगितला, तो मागे घेते. ते पात्र खरे आहे. चूक पाहणारीची होती. बस्स, बंद कर."

"आजी, आखा सुरतमां तू पहिल्यांदा चूक मान्य केलीस! मंडळात भूकंप येईल."

"येऊ दे. पाठव."

शनिवारी ओसरीवर चटया घातल्या. भाऊबंदांच्या बायका आल्या, त्या पहिल्या श्रावणातल्या बारांपैकी पाच उरल्या होत्या, बाकी त्यांच्या सुना. उषाबाई होत्या. हजीऱ्याहून स्वाती आली होती आणि मान आपल्याला मिळणार, या समजुतीने जरा ताठ बसली होती. मी गव्हाच्या पोत्याचे तोंड सोडले आणि सूप स्वतःपुढे ओढले.

"वैशाली, बाहेर ये. पाटावर बस."

ती हात पुसत आली आणि दारात थांबली. "भाजी चिरायची आहे, आत्याबाई."

"भाजी स्वाती चिरेल. बस म्हटले ना."

ती बसली. उजवा हात निकामी, म्हणून मी डाव्या हाताने गहू घेतला. डाव्या हाताने देवीचे काम करू नये. एक पुतणसून तसे पुटपुटलीही. मी तिच्याकडे एकदा पाहिले.

"दोन हजार एक सालापासून या घरात एका माणसाची मूठ राहिली आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले. "तेवीस वर्षांची मागची आणि या वर्षाची. चोवीस सव्वा किती होतात?"

"तीस," स्वातीने हळूच सांगितले.

मोजताना नाव घ्यायचे ते नुसते घ्यायचे, लहानथोर न पाहता, अशी रीत आहे. मी "वैशाली" म्हणाले आणि पहिली मूठ टाकली. वैशाली, दुसरी. डावा हात लवकर थकतो. दहाव्या मुठीनंतर दाणे बोटांतून निसटू लागले. निसटलेले मी पुन्हा उचलून टाकले. उषाबाई मदतीला सरकल्या, त्यांना मी हातानेच थांबवले. वैशाली सुपाकडे पाहत होती, माझ्याकडे नाही.

"तीस," मी म्हणाले आणि हात झटकला.

"एकोणतीस झाल्या, आत्याबाई," वैशाली म्हणाली.

उषाबाई म्हणाल्या, "जाऊ दे व वैशाली, एक मूठनं काय! हात दुखी ऱ्हायना त्यासना."

मान वर करून वैशालीने माझ्याकडे सरळ पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता आणि सूटही नव्हती.

"तिचा हिशेब कधी चुकलेला मी पाहिला नाही," मी म्हणाले, आणि "वैशाली" असे नाव घेऊन तिसावी टाकली.

मग सूप तिच्याकडे सरकवले. तिने ते मांडीशी घेतले, पदर खोचला आणि पोत्यात उजवा हात घातला.

"वत्सला," ती स्वच्छ आवाजात म्हणाली आणि सव्वा मूठ गहू सुपात टाकला.

रविवारी ती सगळ्यांबरोबर पंक्तीत बसली. तिच्या पानात मी रोट वाढला. तिने तो शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला आणि आणखी एक मागून घेतला. मागचे काही राहिले नाही.