एकेचाळीस नंबरची रिंग

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. उज्वला म्हणते माझी नव्हती, काशीबाई म्हणतात त्यांची होती, आणि धोंडू म्हणतो हंड्याची होती. पण त्या तिघांनी धोरण वाचलेले नव्हते. मी वाचले होते.

उज्वला माझी पुतणी. महाडच्या एमआयडीसीत तिचा छोटा कारखाना आहे. तिथे रबराच्या जाड शीटमधून गॅस्केट कापतात, म्हणजे दोन पाइप जोडताना मध्ये जी गोल रिंग बसवतात ती. रिंग चांगली असली तर ती आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. खराब असली तर अख्ख्या वसाहतीला वास येतो. अकरा माणसे कामाला आहेत आणि निम्म्याहून जास्त माल एकच मोठी कंपनी घेते. त्या कंपनीने गेल्या वर्षी कळवले की सरकारच्या नव्या राष्ट्रीय उत्पादन-उन्नती धोरणातली दुसरी पायरी ज्यांनी गाठली असेल, त्यांचाच माल एप्रिलपासून घेऊ.

"काका, हे वाचून मला काय करायचं ते सांगा," असे म्हणून उज्वलाने एकशे शहाऐंशी पानांचा इंग्रजी गठ्ठा माझ्या पुढ्यात ठेवला. "आपल्या घरात पुस्तक शेवटपर्यंत वाचणारे तुम्हीच."

मी वाचनालयात तेहतीस वर्षे ग्रंथपाल होतो. पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते मला सांगता येते. त्यात लिहिलेले खरे का, असे कुणी विचारले की मी अजूनही चष्मा पुसायला घेतो. कारखान्यातले तर मला काहीच कळत नाही. पण नाही म्हणायलाही धीर लागतो. मी पेन्सिल घेऊन बसलो.

देशाला कुठे जायचे आहे हे पहिल्या चाळीस पानांत होते. पुढची सत्तर पाने तिथे नेणाऱ्या रस्त्यांची. उज्वलाने सोमवारी सकाळी काय करायचे, ते एकशे बाराव्या पानावरच्या एका तक्त्यात सापडले. पहिली पायरी नीटनेटकेपणाची, ती आपल्याकडे होतीच. दुसरी खराब मालाच्या खऱ्या नोंदीची. चूक लपवली की ती दुरुस्त होत नाही आणि लहान कारखाने तिथेच अडकून बसतात, असे त्यात लिहिले होते. म्हणून खराब वस्तू वेगळी काढा, तिला नंबर द्या, काय बिघडले ते लिहा. मला हे फार पटले. इतकी वर्षे मी फाटक्या पुस्तकांची यादी अशीच ठेवत आलो होतो.

मी नियमांचा मराठी फलक तयार केला आणि एका लाल लोखंडी पेटीवर 'अस्वीकृत उत्पादन पृथक्करण पेटिका' असे रंगवून घेतले. प्रेसवर रिंगा कापणारा धोंडू ते वाचायला जवळ गेला. बराच वेळ उभा राहिला.

"काका, येवढं वाचून होईस्तवर दोन रिंगा कापून व्हतील," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून तिचे नाव लाल पेटी झाले. मीही तेच म्हणू लागलो.

माल तपासायचे काम काशीबाईंकडे. त्या नाते गावच्या. रिंगेच्या काठावरून अंगठा फिरवला की त्यांना दोष कळतो, मग मोजून खात्री करतात. खराब रिंगेवर लाल ऑइलपेंटने फुली, फुलीखाली नंबर, आणि वहीत कारण. अक्षर टपोरे, एकसारखे. सहा महिन्यांत बावन्न नंबर झाले.

मार्चमध्ये तपासणीसाठी पुण्याहून अक्षदा मॅडम आल्या. वय तिशीच्या आत. वरंध घाटाने आल्या होत्या आणि वळणांनी त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. काशीबाईंनी त्यांना आधी कोकमाचे सरबत दिले.

"घाटात पुढं बसायचं गो बाय, आणि मोबाइलात बघायचं नाय."

"अहवाल लिहीत होते," मॅडम म्हणाल्या.

"तो बसून लिवायचा. रस्ता काय बसतो व्हय?"

सरबत पिऊन त्यांनी कामाला सुरुवात केली. फलक वाचला, मापाची यंत्रे पाहिली, काशीबाईंच्या वहीची पाने एकेक करून उलटली. वही पाहून त्या खूश झाल्या, हे मला सुद्धा कळले. मग म्हणाल्या, "आता हे बावन्न पीस बघू."

उज्वलाने पेटीचे झाकण उघडले. पेटी आतून स्वच्छ पुसलेली होती. आणि रिकामी.

धोंडू छताचे पत्रे मोजत असल्यासारखा वर बघत होता.

"वहीत बावन्न खराब आणि पेटीत एकही नाही," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "म्हणजे एक तर वही खोटी आहे, नाहीतर खराब माल चांगला म्हणून विकला गेला. दोन्हीपैकी काहीही असलं तरी मला दुसरी पायरी देता येणार नाही."

उज्वलाचा चेहरा पडला. दुसरी पायरी नाही म्हणजे ती कंपनी नाही, आणि ती कंपनी नाही म्हणजे अकरा माणसांतली निम्मी घरी. आणि मला एकशे चौदाव्या पानावरचे एक वाक्य लख्ख आठवले: तपासणी होईपर्यंत खराब वस्तू पेटीबाहेर जाऊ देऊ नयेत. फलक करताना ते मी गाळले होते. इतके साधे कशाला सांगायचे, असे वाटले होते मला.

"विकल्या नाय मॅडम," काशीबाई म्हणाल्या. "घरी हायत."

"कुणाच्या घरी?"

"आमच्या गावातल्या बऱ्याच घरांत. हंड्याखाली."

मग त्यांनी समजावून सांगितले. हंड्याचे बूड गोल असते, फरशीवर ठेवला की डुलतो. पूर्वी खाली पेंढ्याची चुंबळ ठेवायचे, ती भिजून कुजायची. रबराची रिंग कुजत नाही आणि सरकत नाही. खराब पीस असेही टाकायचेच असतात, म्हणून जो तो घेऊन जातो.

मॅडमनी वही मिटली. "मला दाखवा. बावन्नच्या बावन्न."

उज्वलाच्या गाडीतून आम्ही नाते गावाला निघालो. मॅडम पुढे बसल्या. मागे काशीबाई, आणि वही मांडीवर घेऊन मी. वही वाचून दाखवायला कुणीतरी हवे होते आणि उज्वलाने माझ्याकडे बघितले होते.

सगळ्या रिंगा पोत्यात गोळा करून आणायच्या असे ठरले होते. हा बेत पहिल्याच घरात फसला. ते घर प्रयागबाईंचे. त्या दारातच कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"हंडा भरलेला हाय. रिंग काढून नेलीत तर तो काय तुमच्या धोरणावर ठेवू?"

"काढू नका," मॅडम म्हणाल्या. " नुसता उचला. मी नंबर बघते."

उज्वलाच्या हातात फोटोंसाठी फोन होता, काशीबाईंनी शेजारणींशी बोलायचे काम घेतले होते. हंडे उचलायला उरलो मी. आयुष्यात कुणाच्या स्वयंपाकघरात न बोलावता पाऊल टाकले नव्हते. त्या दिवशी एकेका घरी शिरलो, माफी मागितली, वही दारात ठेवली, हंडा कलता केला, परत वही घेतली. मॅडम फरशीवर ओणव्या होऊन बॅटरीच्या उजेडात नंबर वाचायच्या.

"सव्वीस."

"काठ कातरलेला, एका बाजूला," मी वाचायचो.

"आहे. पुढचा."

"नऊ."

"जाडी कमी."

त्या मोजायच्या. "कमीच आहे."

चौथ्या घरापासून प्रयागबाई आमच्या पुढे चालू लागल्या. "अगो, हंडा रिकामा करून ठेव, सरकार येतंय," असे ओरडत त्या आळीभर फिरल्या, त्यामुळे माझ्या पाठीचे हाल जरा कमी झाले. एक रिंग केळीच्या रोपाभोवती सापडली. एक प्रयागबाईंचा मुलगा भिकू नालासोपाऱ्याला घेऊन गेला होता, त्याने व्हिडिओ कॉलवर पाण्याचे पिंप उचलून सतरा नंबर दाखवला आणि विचारले, "आई, पोलीस हायत काय?" धोंडूच्या घरचे सहा फोटो त्याच्या बायकोने पाठवले. तेहतीस नंबर काही केल्या सापडेना, तेव्हा काशीबाई माझ्याकडे बघत राहिल्या.

तेहतीस नंबर माझ्याच घरी होता, माठाखाली. दिवाळीत त्यांनीच आणून दिला होता आणि मी आभार मानून घेतला होता. मी शेजाऱ्यांना फोन लावला. फोटो आला, फुलीसकट. मॅडमनी 'माठाखाली' एवढेच लिहून घेतले, त्यामुळे मला जास्तच वाईट वाटले.

दोन वाजेपर्यंत एक्कावन्न झाले. उरला एकेचाळीस. तो काशीबाईंच्या घरी होता आणि त्यांनी ते घर शेवटी ठेवले होते. आत तांब्याचा मोठा हंडा होता. मी तो कसाबसा कलता केला.

"एकेचाळीस," मॅडम म्हणाल्या.

"काठ खराब," मी वाचले.

त्यांनी काठावरून बोट फिरवले. मोजले. परत मोजले. "काका, पुन्हा वाचा."

"काठ खराब."

"काठ चांगला आहे. जाडी बरोबर आहे. ही रिंग खराब नाहीच."

हंडा माझ्या हातात तसाच होता. काशीबाईंनी पदर सारखा केला.

"सुनेचा हंडा हाय तो, लग्नातला. मोठा. त्या मापाचा खराब पीस चार महिने निघंना. धोंडू लय सरळ कापतो."

"काशीबाई, मागितली असतीत तर मी दिली नसती का?" उज्वला म्हणाली.

"चांगली कशी मागू? खराब तर कुणी पण नेतं."

मॅडम फरशीवर मांडी घालून बसल्या. मला वाटले, आता झाले. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि त्यांचे खांदे हलू लागले. त्या हसत होत्या.

"एकोणतीस कारखाने तपासले मी. खराब माल चांगला म्हणून लिहिलेला पुष्कळ ठिकाणी बघितला. चांगला माल खराब म्हणून लिहिलेला आज पहिल्यांदाच बघतेय." मग त्या गंभीर झाल्या. "पण खोटी नोंद ती खोटीच. मला ती लिहावी लागेल."

"लिवा," काशीबाई म्हणाल्या. "पण कारण पण लिवा. आणि आता जेवल्याबिगर कोण उठायचं नाय."

तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी होती. मॅडमनी दोनदा भाकरी घेतली.

दहा दिवसांनी पत्र आले. एक्कावन्न नोंदी बरोबर. एकेचाळीसबद्दल, असे का घडले आणि पुन्हा घडू नये म्हणून काय केले, ते पंधरा दिवसांत कळवा. तोवर दुसरी पायरी रोखून ठेवली आहे.

उत्तर लिहायचे काम माझ्याकडे आले. पहिला खर्डा अर्ध्या पानाचा झाला. काशीबाईंनी काय केले ते लिहिले, मी कुठले वाक्य गाळले ते लिहिले. खराब रिंगा आता पेटीतच राहतात, आणि ज्याला हंड्याखाली रिंग हवी त्याने शनिवारी माप सांगायचे, मग धोंडू उरलेल्या तुकड्यातून ती कापून देतो, एवढे लिहिले. वाचून पाहिले तर फारच साधे वाटले. सरकारला असे कसे पाठवायचे? दुसऱ्या खर्ड्यात मी धोरणातले शब्द घातले. पाचव्यात तक्ता आला. सातवा चार पानांचा झाला आणि त्यात हंडा कुठेच नव्हता. सातही खर्डे मी उज्वलाकडे दिले आणि म्हटले, तू ठरव.

तिने पहिला पाठवला. हे तिने मला सांगितले ते उत्तर गेल्यावर. त्यानंतरचे आठ दिवस मला नीट झोप लागली नाही.

एप्रिल लागायला तीन दिवस होते तेव्हा दुसरे पत्र आले. उज्वलाने प्रेस बंद करून सगळ्यांना बोलावले आणि पत्र माझ्या हातात दिले. इंग्रजी होते. मी उभ्या उभ्या मराठीत सांगू लागलो. आवाज कापत होता आणि शब्द बरोबर निवडतोय की नाही याची खात्री नव्हती.

"नोंद क्रमांक एकेचाळीसच्या चुकीचे कारण, म्हणजे सुनेच्या हंड्यासाठी योग्य मापाची रिंग उपलब्ध नसणे, हे आता दूर झालेले दिसते. दुसरी पायरी मंजूर."

उज्वला मटकन खुर्चीत बसली. धोंडूने टोपी काढून डोके खाजवले.

"सुनेचा हंडा असं लिवलंय?" काशीबाईंनी विचारले.

"लिहिलंय."

"परत वाचा."

मी परत वाचले. तिसऱ्यांदाही वाचायला लावले त्यांनी, आणि तोवर माझा आवाज बराच ठीक झाला होता.

"हे कागूद कुठं कुठं जातं?"

"एक प्रत पुण्याला," मी म्हणालो, "एक दिल्लीला."

काशीबाई जागेवर जाऊन बसल्या, पुढची रिंग उचलली आणि अंगठा फिरवायला लागल्या. "आज घरी गेल्यावर सांगते तिला," त्या म्हणाल्या, "रोज हंडा घासत जा गो, दिल्लीत नाव हाय त्याचं."