अलीझाच्या एकशेवीस वह्या

मित्रांनो, मी लातूरची एक जुनी स्पायरल मशीन. कागदाच्या कडेला भोकं पाडायची, एवढंच माझं काम. दांडा दाबला की माझ्या सुया खाली येतात, भोकं पडतात, आणि त्यांतून तार फिरवली की झाली वही तयार. मी विजेवर चालत नाही आणि याचा मला अभिमान आहे. लाइट गेली की शेजारच्या झेरॉक्सवाल्याचं तोंड उतरतं, माझं नाही.

माझा जन्म हैदराबादच्या एका कारखान्यात झाला. तिथून निजामोद्दीन नावाच्या तरुण बाइंडरने मला गंजगोलाईच्या बाजारपेठेजवळच्या आपल्या दुकानात आणलं. उर्दू शाळांच्या वह्या, मुशायऱ्यांच्या पुस्तिका, लग्नांच्या दावतीच्या याद्यासुद्धा आम्ही बांधल्या. उर्दू उजवीकडून वाचतात, म्हणून तिचं पुस्तकही उजव्या कडेला बांधतात. "निजामोद्दीनभाईंच्या हातची वही सुटत न्हाई," असं लोक म्हणायचे आणि मी मनातल्या मनात फुगायचे. मग विजेच्या मशिनी आल्या. गिऱ्हाईक तिकडे वळलं, दुकान बंद झालं, निजामोद्दीन एका छापखान्यात नोकरीला लागले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. माझ्यावर जुनी कॅलेंडरं साठली. कुणी विचारतच नाही म्हटल्यावर मला फार वाईट वाटायचं.

मला खाली काढलं ते निजामोद्दीनच्या मुलीने, अलीझाने. तेव्हा ती बारावीत होती. खोटं कशाला बोलू, तिला माझा काही कळवळा आला नव्हता. तिला बंगळुरूच्या एका विद्यापीठात शिकायचं होतं, आणि शिष्यवृत्ती मिळाली तरच जाता येणार होतं. अर्जात एक प्रश्न होता: अभ्यासाशिवाय तुम्ही स्वतः काय उभं केलं? असे अर्ज भरून पुण्याला गेलेला तिचा चुलतभाऊ शारिक म्हणाला, "मार्क तर सगळ्यांकडंच असतात. तू काहीतरी स्वतःचं चालवून दाखव."

अलीझाने ते मनावर घेतलं. लातुरात क्लाससाठी बाहेरगावची हजारो मुलं राहतात. त्यांच्या सराव परीक्षांचे कागद एका बाजूला छापलेले, दुसऱ्या बाजूला वर नाव-तारखेची ओळ आणि डावीकडे समास, बाकी कोरी. महिना संपला की सगळे रद्दीत. अलीझाने खोल्याखोल्यांत जाऊन ते मागून आणले, कोरी बाजू वर ठेवून साठ-साठ कागदांचे गठ्ठे लावले आणि रफ वह्या बांधायला घेतल्या. पहिल्या दिवशी मी रुसलेलीच होते. माझ्या सुया गंजल्या होत्या, दांडा अडत होता. पोरीने खोबरेल तेल घातलं, ते मला मुळीच आवडलं नाही. दुसऱ्या दिवशी शिलाई मशीनचं तेल आणलं, तेव्हा कुठे मी हलले. दोन महिन्यांत आमच्या वह्या चार वसतिगृहांत जाऊ लागल्या.

मग मोठं काम आलं. अभ्यासिका चालवणाऱ्या शेषेराव सरांनी एकशेवीस वह्या मागितल्या, शुक्रवारपर्यंत. अर्ज रविवारी बंद होणार होता. व्यवसाय अलीझाच चालवते असं नात्याबाहेरच्या माणसाचं पत्र त्याला जोडायचं होतं, आणि वह्या मिळाल्या की ते पत्र द्यायचं सरांनी कबूल केलं होतं. पत्र नाही तर अर्ज नाही.

त्याच आठवड्यात तिची प्रॅक्टिकल परीक्षा आली. गठ्ठे लावून ती कॉलेजला गेली, तेव्हा निजामोद्दीन म्हणाले, "मी बांधतो ना, बेटा." दोन दिवस त्यांनी रजा काढली. किती वर्षांनी त्यांचा हात माझ्या दांड्यावर पडला होता! दोघंही खुशीत होतो. त्यांनी गठ्ठा ज्या बाजूने सरकवला, त्या बाजूने मी भोकं पाडली. सगळ्या एकशेवीस वह्या उजव्या कडेला बांधल्या गेल्या. माझ्याही लक्षात आलं नाही, मित्रांनो. आम्हा दोघांना हीच सवय होती.

गुरुवारी संध्याकाळी परीक्षा संपवून आल्यावर अलीझाने वही उघडली आणि पेन टेकवून पाहिलं. "अब्बा, ये क्या कर दिए?"

लिहिताना उजवा हात तारेवर येत होता. वही फिरवून धरली तर तारखेची ओळ उलटी तळाला जात होती, पालथी केली तर छापील बाजू वर येत होती. निजामोद्दीनचा चेहरा मला बघवेना. शारिक फोनवर म्हणाला, "तशाच दे. पत्र घे, अर्ज भर. मग बघू."

"न्हाई," अलीझा म्हणाली. "उद्या मशीनच घेऊन जाते."

शुक्रवारी सकाळी वह्या, अलीझा आणि रजा वाढवलेले निजामोद्दीन यांच्याबरोबर मीही ऑटोत बसले. शेषेराव सरांनी एक वही उघडून पाहिली आणि चष्म्यावरून बापलेकीकडे बघितलं.

"निजामोद्दीनभाई, हे तर तुमच्या हातचं काम दिसायलंय. मग पोरीचा धंदा म्हणून पत्र कसं देऊ मी?"

"सर, चूक माझी हाय, तिला..." निजामोद्दीन बोलू लागले. अलीझाने त्यांच्या हातावर हात ठेवला.

"सर, भोकं अब्बांनी पाडली. कोणत्या बाजूनं पाडायची ते मी सांगायला पाहिजे होतं. मी सांगितलं न्हाई. धंदा माझा हाय, म्हणून चूक बी माझीच. इथंच बसून नीट करून देते."

व्हरांड्यात मला फरशीवर ठेवलं. तार काढायची, दहा-दहा कागद घालायचे, दांडा दाबायचा. अलीझाच्या तळहाताला फोड आले. निजामोद्दीन तारा सोडवत होते, पण दांड्याला त्यांनी हात लावला नाही. माझी एक सुई करकरत होती. मी तिला म्हटलं, आज मोडायचं नाही.

दुपारी अभ्यासिकेत येणारी, देवणी गावची ऋतुजा नावाची मुलगी तिथे डोकावली. ती डावखुरी होती. उजवीकडे बांधलेल्या वहीत दोन ओळी लिहून बघितल्या आणि म्हणाली, "ही लई बेस हाय की! माझा हात तारंवर येईना. ही अशीच ठिवा." अशा तीन डावखुऱ्यांनी तीन वह्या नेल्या. उरलेल्या एकशे सतरा अलीझाने पाच वाजेपर्यंत बांधल्या. दोन्ही कडांना भोकं असलेल्या, दिसायला जरा विचित्र, पण नीट उघडणाऱ्या.

शेषेराव सरांनी पत्र लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं: "हा व्यवसाय अलीझाचाच आहे. चूक झाली तेव्हा ती कुणामागे लपली नाही, हे मी स्वतः पाहिलं."

निजामोद्दीन उठून व्हरांड्याच्या टोकाला गेले आणि पाठमोरे होऊन सुटलेल्या तारा गुंडाळू लागले.

रविवारी अर्ज गेला. मित्रांनो, त्या संध्याकाळी मी फार घाबरले होते. अर्जासाठीच सुरू झालेलं काम होतं ते. आता अलीझाला माझी काय गरज?

सोमवारी कॉलेज सुटल्यावर ती आली. बहिणीची लाल नेलपॉलिश घेऊन तिने माझ्या कागद ठेवायच्या पाटीवर डावीकडे ठळक खूण केली आणि वडिलांना म्हणाली, "अब्बा, इकडनं. चला, बसा." त्या दिवशी आम्ही तिघांनी मिळून वीस वह्या बांधल्या.

मार्चमध्ये विद्यापीठाचं उत्तर आलं. तिची निवड झाली, शिष्यवृत्तीसकट. मला आनंद झालाच. तरी खरं सांगते, मी त्या सोमवारी जास्त खूश होते.

तुम्हीही अर्जात लिहायला काही हवं म्हणून एखादं काम सुरू कराल. बेलाशक करा. फक्त आमच्या सुयांना वेळच्या वेळी तेल द्या, आणि अर्ज पाठवून झाला तरी सोमवारी परत या.