गोधडीतली बाटली

मित्रांनो, हाटकेश वस्तीतल्या एका स्वयंपाकघराच्या खिडकीत मनीप्लांट घेऊन उभी असलेली जुनी काचेची बाटली, ती मी. माझा जन्म भट्टीतला, तेव्हा उष्णता मला नवी नाही. तरीही एका उन्हाळ्याच्या आठवणीने अजून जीव घाबरा होतो.

कोकम सरबत घेऊन आम्ही तिघी बहिणी या घरात आलो. सरबत संपलं, पण अनसूयाबाईंनी आम्हांला टाकलं नाही. त्या कधी काही टाकतच नाहीत. पुढे निवृत्त झाल्यावर त्यांच्या यजमानांना, हरिश्चंद्ररावांना, आल्याची बियर करायचा नाद लागला. आलं, साखर, लिंबू आणि चिमूटभर यीस्ट आमच्यात भरून ते झाकणं घट्ट आवळत. मग आत हळूहळू वायू धरे. गारव्यात तो शहाण्यासारखा वागतो, उकाड्यात मात्र कोणाचं ऐकत नाही. एवढ्याशा घरातला फ्रिज दूध-भाजीनेच भरलेला. म्हणून आम्ही न्हाणीघरात, पाण्याच्या टबात, अंगावर ओला पंचा घेऊन उभ्या. हरिश्चंद्रराव येता-जाता बोट बुडवून पाहत, बर्फ टाकत. सगळ्या इमारतीत त्या बियरची वाहवा होई.

एका मे महिन्यात आम्हांला भरून ते नाशिकला लग्नाला गेले. नेमकं तेव्हाच नळाला एक दिवसाआड पाणी येऊ लागलं. अनसूयाबाईंना साठवणीला टब हवा होता. त्यांनी आम्हांला बाहेर काढलं, पुसलं आणि फुटू नये म्हणून जाड गोधडीत गुंडाळून माळ्यावर ठेवलं. शेवटचा मजला, वर तापलेला स्लॅब! केवढी ती माया, आणि केवढा घात!

पोटात वायू फुगत चालला. हलता येईना, ओरडता येईना, झाकण तर तसूभरही सैल होईना. शेजारची बहीण फाटकन फुटली. मग दुसरी. तेवढ्यात खाली स्टूल ओढल्याचा आवाज आला. अनसूयाबाई बघायला वर चढत होत्या. मी आता फुटले तर यांच्या डोळ्यांत जाईन, या भीतीने मी अर्धमेली झाले.

"अगं, थांब! हात लावू नकोस!" लग्नाहून नुकतेच परतलेले हरिश्चंद्रराव दारातूनच ओरडले. "आधी टब सरकव इकडे."

"अहो, ते पाणी उद्यापर्यंत पुरवायचंय!"

"पाणी येईल उद्या. गेलेले डोळे येतील का?"

अनसूयाबाईंनी टब ओढला. हरिश्चंद्ररावांनी डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट चढवलं, हातांना टॉवेल गुंडाळले आणि गोधडीसकट मला अलगद पाण्यात सोडलं. मी पुरती गार झाल्यावर त्यांनी झाकण जरा जरा करत फिरवलं. सुस्स आवाज झाला आणि मी सुटले.

"फुटू नयेत म्हणूनच गुंडाळलं हो मी," म्हणत अनसूयाबाई रडल्या.

त्यानंतर त्या घरात बियर झाली नाही आणि मलाही कोणी विचारीनासं झालं. मित्रांनो, कोणाला जीव लावाल तेव्हा त्याला ऊब हवी की गारवा, एवढं आधी विचारा.

माझं झाकण मात्र आता नाही. कधीही काही न टाकणाऱ्या अनसूयाबाईंनी ते त्याच दिवशी कचऱ्यात टाकलं.