रगतोबाची खपली

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी आमच्या चाळीच्या जिन्यापासून थेट डिलाईल रोडच्या सिग्नलपर्यंत रांग लागली होती. रांगेत बाया होत्या, रिटायर गिरणीवाले होते, पाठीला लॅपटॉपची सॅक लावलेली पोरं होती आणि एक चांगला शिकलासवरलेला दातांचा डॉक्टरही होता. तळमजल्यावरच्या मंडळाच्या खोलीत, जिथे एरवी ढोल आणि मोडके कॅरम बोर्ड पडलेले असतात, तिथे चौरंगावर रगतोबा उभा होता. कमरेएवढा उंच, काळाकुट्ट, लोखंडाचा. आरती संपत आली की त्याच्या अंगावर लालसर थेंब फुटायचे आणि हळूहळू खाली ओघळायचे.

"पापी माणूस दारात आला की देवाच्या अंगातनं रगत येतं," राजाराम सांगत होता. कपाळभर भंडारा, गळ्यात कवड्यांची माळ. "आज खोलीत सात पापी आहेत. मी नावं घेणार नाही. ज्यानं त्यानं आपल्या मनात बघावं."

सगळे खाली मान घालून आपापल्या पायांकडे बघू लागले. मागल्या सोमवारी अकरा पापी होते. आठवड्याभरात चौघं सुधारले म्हणायचे.

हा राजाराम माझा शाळेपासूनचा दोस्त. शिवडीच्या गोदामात तीस वर्षं कारकून होता. मी शरच्चंद्र, चाळीतला मास्तर, अडतीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं. आणि हा रगतोबा म्हणजे जुन्या जहाजावरची छोटी तोफ आहे, हे त्या खोलीत फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. कारण ती मीच शोधली होती.

उल्हास नदीचा एक फाटा ठाण्याच्या खाडीत उतरतो आणि ती खाडी शिवडीला समुद्राशी मिळते. या पाण्यात किती गलबतं बुडाली असतील त्याला गणती नाही. रिटायर झाल्यापासून अकरा वर्षं मी ओहोटीला शिवडीच्या चिखलात फिरतोय. पाठ मोडली, दोन चपला चिखलानं गिळल्या. यंदा माघात, मोठ्या ओहोटीला, ती तोफ दिसली. अंगभर चुन्याचं आणि शिंपल्यांचं कवच होतं. बुडाशी चार आकड्यांची जागा कळत होती, पण आकडे कवचाखाली होते. ते साल असणार. साल मिळालं की जुन्या दप्तरात जहाज शोधता येईल, या विचारानं मला तीन रात्री झोप लागली नाही. राजारामनं गोदामाचा टेम्पो आणला आणि तोफ मंडळाच्या खोलीत आली.

तोफ महिनोन्महिने खोलीत सुकत पडली. पावसाळ्यात तिच्यावर पहिला लाल थेंब आला आणि तो नेमका राजारामला दिसला. पुढे जे झालं ते रांगेत दिसतंच आहे.

मला याचा संताप येतो असं मी सगळ्यांना सांगत होतो. संताप कसला, मी जळत होतो. खाडीच्या इतिहासावर मी अकरा व्याख्यानं दिली, जास्तीत जास्त श्रोते नऊ, त्यातले दोघं पंख्याखाली झोपायला आलेले. आणि हा माणूस, ज्याला मॅट्रिकला विज्ञानात मी कॉपी दिली, तो माझ्याच तोफेशेजारी उभा राहतो आणि दातांचा डॉक्टर त्याच्या पाया पडतो. रोज संध्याकाळी गॅलरीतून रांग मोजायची आणि जेवण कडू करून घ्यायचं, हा माझा धंदा झाला होता.

त्या सोमवारी मला राहवलं नाही. सुकलेल्या तोफेच्या खपल्या निघू लागल्या होत्या आणि राजाराम त्या ताईतात भरून वाटत होता. खपलीबरोबर खालचं गंजलेलं लोखंडही भुगा होऊन गळत होतं, त्यामुळे आकडा उरणार तो फक्त खपलीच्या आत उमटलेला. बुडाजवळची एक खपली त्यानं माझ्यासमोर चंपाकाकीच्या हातावर ठेवली.

"काकी, स्वप्नील बोटीवर आहे ना? हा ताईत बांधा. समुद्र त्याच्या केसाला धक्का लावणार नाही."

"अरे, ती देवाची नाही, तोफेची खपली आहे," मी ओरडलो. "त्यात आकडा आहे. परत द्या ती."

"कुठाय आकडा? दाखव," राजाराम म्हणाला.

मी नाही दाखवला. दाखवता आलं असतं. का नाही दाखवलं ते पुढे सांगतो, आत्ता जीभ रेटत नाही.

"शरद, तुझं दुखणं सगळ्यांना कळतंय," राजाराम हसला. "तुला कोणी विचारत नाही ना, म्हणून जळतोस तू."

खोली हसली. चंपाकाकी मात्र हसली नाही. ती माझ्या शेजारच्या खोलीतली, माझ्या बायकोच्या आजारपणात तिनंच आम्हाला जेवू घातलं. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "मास्तर, माझो झील सा म्हयने पाण्यार असता. माका रातची झोप नाय. ह्या गळ्यात असला तर बरा वाटता. कित्या काढून घेतास?"

मी तिथून निघालो. वर जाऊन पंख्याखाली बसलो. आणखी चार सोमवार गेले तर बुडाशी एकही खपली उरणार नाही, हे दिसत होतं. मग जे माघातच करायला हवं होतं ते दुसऱ्या दिवशी केलं. भायखळ्याला रुचाकडे गेलो.

रुचा माझीच विद्यार्थिनी. समुद्रातून निघालेल्या जुन्या वस्तू टिकवायचं शास्त्र शिकली, आता त्याच कामाची प्रयोगशाळा चालवते. पेपरात तिचा फोटो येतो. तिच्या नावाचं मला कौतुक वाटायला हवं. वाटतं ते कौतुक नव्हे.

सगळं ऐकून तिनं एकच विचारलं, "सर, पाण्यातून काढल्यावर पाण्यात ठेवली नाहीत?"

"नाही."

"सुकू दिलीत?"

"हो."

तिनं वहीत काही टिपून घेतलं. मग म्हणाली, "घरात बिडाचा तवा आहे का? घावन्यांचा? दोन लागतील."

तवे चंपाकाकीनं दिले. एक तडा गेलेला, एक रोजचा. तडा गेलेला तवा रुचानं शिवडीच्या खाडीच्या पाण्यात दहा दिवस बुडवून ठेवला आणि मग वाळवला. भाद्रपदातल्या पहिल्या सोमवारी ती दोन्ही तवे घेऊन आरतीला आली.

"काका, हे देवाच्या बाजूला ठेवू का?" तिनं राजारामला विचारलं. "काकींच्या घरचे तवे आहेत. देवाची संगत लागू दे."

एवढ्या लोकांसमोर नाही म्हणणार कसं? तवे ठेवले. खिडक्या बंद, समया पेटल्या, साठ माणसं कोंबलेली, सगळे घामाघूम होऊन टाळ्या वाजवतायत. आरती संपली. रगतोबाच्या अंगावर थेंब आले होते. आणि तडा गेलेल्या तव्यावरही तसेच, त्याच रंगाचे थेंब टपोरे उभे होते. रोजचा तवा कोरडा ठणठणीत.

पुढचे लोक वाकून तवे बघू लागले.

"देवासमोर आणि दोन्ही तव्यांसमोर पापी माणसं तर तीच आहेत," रुचा शांतपणे म्हणाली. "मग एकच तवा का रडतो? ही तोफ आणि हे तवे, सगळं बीडच. बीड खाऱ्या पाण्यात राहिलं की मीठ त्याच्या आत शिरतं. पावसाळ्यात घरातलं मीठ कसं पाझरतं? तसंच हे मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि गंज घेऊन बाहेर येतं. खोली बंद केली, माणसं कोंबली, की हवा आणखी दमट होते. म्हणून आरतीला थेंब येतात. ते थेंब तीर्थ म्हणून कोणी पिऊ नका. तो गंज आहे."

"आणि कोरड्या दिवशी?" राजाराम उसळला. "वैशाखात पण येतं रगत."

"वैशाखात देव इथे पुजलाच नव्हता रे," मी म्हणालो.

"पण श्रावणात ऊन पडलं होतं आठ दिवस. तेव्हाही आलं होतं."

"ता ऊन पडला तेव्हा गोणपाट मीच भिजवी," चंपाकाकी मागून म्हणाली. रोज खोली झाडायचं काम तिचं. "ह्यो म्हणा, देवाक उकडता, पाठसून वला गोणपाट घाल. मी घाली." तिनं राजारामकडे बघितलं. "म्हणजे रगत माझ्याच हातान काढलंस तू."

लोकांत कुजबुज सुरू झाली. राजाराम घेरला गेला आणि त्यानं बोट माझ्याकडे केलं.

"मला काय बघता? ही तोफ सरकारात कळवू नको म्हणून कोणी सांगितलं? विचारा तुमच्या मास्तरांना. रुचाला कळता कामा नये, म्हणाला. शोध तिच्या नावावर जाईल, म्हणाला. तोफ इथे सुकवली ती यानं."

सगळे माझ्याकडे वळले. रुचानं मान खाली घातली. तिला ते कळलं होतं आणि तिनं मला वाचवलं होतं, हे मला तेव्हा समजलं.

"खरं आहे," मी म्हणालो.

दुसरं काही बोलायच्या आधी चंपाकाकी पुढे आली. तिनं गळ्यातला ताईत सोडला, दोरा दातानं तोडला आणि खपली रुचाच्या तळहातावर ठेवली. "माझो झील शिकान बोटीर गेलो," ती म्हणाली. "ह्या खपलेच्या जिवार नाय गेलो."

रुचानं खपली उलटी केली. आतल्या बाजूला, आरशात दिसावा तसा उलटा, सात उमटला होता. तिनं तो सगळ्यांना दाखवला. मग बाकीचेही ताईत सोडू लागले. वीस-बावीस खपल्या ताटात जमल्या, बहुतेक कोऱ्या. एकीत एक होता; बुडाशी लावून बघितलं तर एक पहिला, सात दुसरा. तिसरा आकडा काही मिळेना. शेवटी दातांचा डॉक्टर हळूच म्हणाला की राजारामच्या सांगण्यावरून त्यानं आपली बुडाजवळची खपली कुटून मधातून घेतली. कोणी हसलं नाही.

"आणि चौथा?" रुचानं विचारलं.

मी वर गेलो. कपाटात, बायकोच्या साड्यांखाली रुमालात बांधलेली खपली होती. तोफ काढताना चिखलातच ती माझ्या हातात आली होती. तिच्यावरचा उलटा चार मी त्याच दिवशी भिंगातून वाचला होता. ती त्या सोमवारी दाखवली असती तर खपल्यांत आकडे असल्याचं सगळ्यांना पटलं असतं आणि तिसरा आकडाही वाचला असता. पण दाखवली तर शोधात वाटेकरी आले असते. म्हणून ठेवली.

मी ती ताटात ठेवली. एक, सात, मोकळी जागा, चार. दहा सालांपैकी कुठलंही एक. त्या जहाजावर कोण होतं, कुठून निघालं, घरी त्यांची वाट कोण बघत होतं, हे आता कदाचित कधीच कळणार नाही. मी रुचाची माफी मागितली. ती म्हणाली, "सर, आधी पाणी. तोफ पिंपात घालायला हात लावा." राजारामनंही हात लावला. तोफ आता सोड्याच्या पाण्यात आहे, तिच्यातलं मीठ निघायला वर्षं लागतील.

तेव्हा एवढंच सांगतो. तुमच्या गल्लीत कुठली वस्तू रडली, घामेजली, रक्त गाळू लागली, तर हात जोडण्याआधी तिच्याशेजारी तशीच दुसरी वस्तू ठेवून बघा. खिडकी उघडून बघा, मागे ओलं गोणपाट आहे का बघा. आणि तिथे सगळ्यात मोठ्यानं "हे थोतांड आहे" म्हणून ओरडणारा जो कोणी असेल, माझ्यासारखा, त्यालाही सोडू नका. त्याला म्हणावं, मास्तर, तुमचं कपाट उघडा.