ठसका

"भाबी, बैल जुपून आणतो. तवर पोरीला गोधडीत गुंडाळून ठिवा," असं म्हणून शेजारचा खाजा मिया निघाला. मदीनाबीने मान हलवली खरी, पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. नज्जू तापाने फणफणली होती. श्वास भात्यासारखा चालला होता, खोकला थांबत नव्हता. गोरेगावहून हिंगोलीचा दवाखाना म्हणजे गाडीवाटेने अर्धा दिवस. पोर वाटेतच गेली तर?

नज्जू, म्हणजे नजमुन्निसा, तिची एकुलती एक. रांगायच्या आत बाप गेला आणि मदीनाबी लोकांच्या मिरच्या कांडून पोट भरू लागली. मिरची कांडणं म्हणजे काय खायचं काम आहे? भल्याभल्या बाया नाकाला पदर बांधून बसायच्या आणि दोन घाव घातले की शिंकत उठायच्या. मदीनाबी मात्र उघड्या तोंडाने उखळापुढे उभी. पहिल्या पहिल्यांदा तिचेही हाल झाले. पुढे नाक आणि घसा असे मेले की ढिम्म काही होईना. हिचा गळा लोखंडाचा का काय, म्हणून बाया थट्टा करायच्या आणि तीही हसायची. गावात लग्न निघालं की तिखट मदीनाबीच्याच हातचं, याचा तिला कोण अभिमान!

खाजा मिया गेला आणि तिच्या मनात आलं, आधी दृष्ट तर काढून बघू. उरुसात नज्जूने हिरवा कुडता घातला होता, अन् साऱ्या बाया टक लावून बघत होत्या. दृष्टीचा हिशेब तिकडे सगळ्यांना पाठ, हिंदू असो की मुसलमान. लाल मिरच्या उतरून विस्तवात टाकायच्या. ठसका आला तर दुखणं अंगातलं, मग दवाखाना गाठायचा. ठसका आलाच नाही तर नजर होती, अन् ती जळाली.

तिने मूठभर मिरच्या पोरीवरून उतरवून चुलीत टाकल्या. मिरच्या काळ्या पडल्या, घरभर धूर झाला. ठसका नाही. तिने मुद्दाम वाकून धूर छातीत ओढला, तरी काही नाही. मागे नज्जू जोरजोरात खोकत होती. पण ती तर रात्रीपासून खोकतच होती.

मदीनाबी पळतच खाजा मियाच्या गोठ्यापाशी गेली. "नजरच व्हती, भाई. ठसका न्हाई आला. बैल सोडा."

तो म्हणाला, जाऊन तर येऊ, जुपलेच आहेत. पण ती ऐकेना. एवढ्या गारठ्यात लेकराला तकलीफ कशाला, म्हणाली. शेवटी त्याने बैल सोडले.

दिवस मावळायच्या आत नज्जू गेली.

लोक म्हणाले, अल्लाची मर्जी. नजर फार मोठी होती, एवढ्याने उतरली नाही. मदीनाबीनेही तेच धरून ठेवलं. काहीतरी धरून ठेवल्याशिवाय आईने जगायचं कसं? चाळीसवा दिवस झाला आणि ती परत उखळापाशी उभी राहिली. पोट कुणाला चुकलंय?

एके दिवशी तांड्यावरची चंदाबाई मिरच्यांचं गाठोडं घेऊन आली. दोघींची जुनी मैत्री, पण पोर गेल्यापासून तिने तोंड दाखवलं नव्हतं. ती उंबऱ्यावर टेकली आणि रडायलाच लागली.

"त्या दिशी मी तुह्या गल्लीतून माघारी फिरले, मदीनाबी. पोरीलाच बघायला आले व्हते. पण असा ठसका लागला की डोळे उघडंनात. म्हणलं, तू कांडून राहिलीस, कशाला आडवं यावं."

मदीनाबीचं मुसळ वरच्या वर थांबलं. त्या दिवशी तिने उखळाला हात लावला नव्हता. ती चुलीकडे बघत राहिली आणि तिचा हात आपोआप गळ्याकडे गेला. आपल्या मेल्या गळ्यावर भरवसा ठेवून आपणच बैल सोडायला लावले, हे तिला कळलं. हंबरडा फोडून सगळं सांगून टाकावं असं तिला वाटलं.

चंदाबाईने पदराआडून विचारलं, "कांडतच व्हतीस ना गं? का मी उगाच माघारी फिरले?"

चंदाबाई आत आली असती, तर तिचाच ठसका ऐकून बैल सुटले नसते. खरा एक शब्द बोलली असती, तर चंदाबाईही जन्मभर त्याच आगीत जळत राहिली असती.

"व्हय," मदीनाबी म्हणाली. "कांडतच व्हते."

आणि ती गाठोड्याची गाठ सोडायला बसली.